डीलिया गॅव्हिगनचा विस्तव

क्लूनाबॅरीत एक कुजबुज होती. डीलिया गॅव्हिगनच्या चुलीतला विस्तव एकदा विझला होता, आणि तो विझला तेव्हा डीलिया घरात नव्हती.

पहिलं वाक्य हळू सांगायचं, दुसरं त्याहून हळू. बीना किल्डफचं दुकान म्हणजे या कुजबुजीचं माहेर. बीना साखर तोलताना काट्याकडे बघत बोलायची, म्हणजे ती बोलली साखरेशी, तुमच्या कानावर पडलं तो तुमचा दोष. "मी काही म्हणत नाही हो," अशी सुरुवात असे, आणि त्यानंतर ती बरंच काही म्हणे.

आता, बाहेरच्या माणसाला वाटेल, विझला तर विझला, ओढावी काडी. पण गॅव्हिगनांचा विस्तव म्हणजे काही असातसा विस्तव नव्हता. शेतात बटाटे कुजले आणि माणसं रस्त्याच्या कडेला मेली, त्या दुष्काळाच्याही आधी डीलियाच्या खापरपणजोबांनी तो पेटवला आणि तेव्हापासून तो तसाच चालत आला, असं तिचा बाप ह्यूबर्ट सांगायचा. झोपण्याआधी घरातल्या बाईनं निखारे गोल मांडायचे, त्यांच्यावर राख ओढायची, देवाचं नाव घ्यायचं. सकाळी राख बाजूला सारली की खाली निखारे जागेच. त्यांना टेकवून टर्फच्या, म्हणजे जमिनीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, दोन कोरड्या विटा उभ्या केल्या की चहाचं आधण तयार. सगळ्याच घरांत असं करत, पण इतर घरांत कधी बाळंतपण, कधी दारू, कधी नुसता आळस, म्हणून विस्तव विझत असे आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. गॅव्हिगनांकडे शेत बेताचं, गाई त्याहून बेताच्या, नाव घेण्यासारखं होतं ते एवढंच.

कुणी पाइपसाठी चुलीतला निखारा उचलला तर ह्यूबर्ट म्हणायचा, "बेतानं ओढ रे बाबा. माझ्या पणजोबांचा आहे."

एकदा फादर घरी आले आणि शेकता शेकता म्हणाले, "ह्यूबर्ट, माझ्या देवळातला दिवासुद्धा इतका जुना नाही."

"कसा असेल, फादर," ह्यूबर्ट म्हणाला, "तुम्ही तो काडीनं लावता."

आणि हा सगळा थाट चालायचा मोनामोरच्या जिवावर. मोनामोर म्हणजे घराच्या मागच्या दारापासून सुरू होणारा बॉग. काळी, ओली, पाण्यानं भरलेल्या गादीसारखी जमीन. डीलिया लहान होती तेव्हा हा बॉग भट्टीत फुगलेल्या पावासारखा मधोमध उंच होता, इतका की पलीकडच्या अंगाला राहणाऱ्या टार्पींचं घर गॅव्हिगनांच्या दारातून दिसतच नसे. दिसायचा तो त्यांचा धूर. वर चालायला लागलं की पायाखालची जमीन थरथरायची आणि चार पावलांवरच्या डबक्यातलं आभाळ हलायचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पांढऱ्या बोंडांचं गवत यायचं, लांबून बघणाऱ्याला वाटावं कुणी पिसं उधळलीत. मग हेदर फुलायचं आणि सगळा माळ जांभळा. लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू कुठूनतरी शीळ घालायचा, ती ऐकली की ह्यूबर्ट टोपी मागे सारून म्हणायचा, "पाऊस येतोय." तिकडे पाऊस रोजच यायचा, त्यामुळे ह्यूबर्टचा अंदाज कधी चुकला नाही.

बॉगवर प्रत्येक घराचा आपला तुकडा. बटाटे लावून झाले की लोक सायकली, गाढवं, केटल आणि पोरंबाळं घेऊन निघायचे. वरची गवताची साल सोलायची, मग पंख असलेल्या लांब फावड्यानं, त्याला श्लान म्हणतात, काळ्या लोण्यासारखी ओली वीट कापायची आणि वर भिरकवायची. वर उभ्या असलेल्यानं ती अलगद झेलायची, गाड्यावर ठेवायची, लांब नेऊन पसरायची. वारं लागून कडक झाली की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, पुढे उडव्या रचायच्या, मग घरी. कापणारा वाकतो एकदा आणि वाळवणारी वाकते दहादा, म्हणून कापणाऱ्याचं नाव होतं आणि वाळवणारीची कंबर जाते, असं तिथल्या बायका म्हणत. ज्याचं मागे राहिलं त्याच्या मदतीला सगळा गाव इर्जिक करून यायचा. एकदा कापता कापता ह्यूबर्टला लाकडी बुधल्यात कुणीतरी पूर्वजानं पुरून ठेवलेलं लोणी सापडलं होतं. शे-पाचशे वर्षांचं असेल. लोक ते संग्रहालयात पाठवायचा विचार करत असताना ह्यूबर्टनं बोटभर पावाला लावून खाल्लं. "मीठ कमी आहे," एवढंच म्हणाला. दोन दिवस पोट धरून होता, पण ते त्यानं मान्य केलं नाही.

गॅव्हिगन आणि टार्पी या दोन घरांत विस्तव जात नव्हता. कारण म्हणाल तर एक गाढव. ह्यूबर्टच्या बापाचं गाढव टार्पींनी खणलेल्या चरात बुडून मेलं. टार्पींचं म्हणणं, गाढव आंधळं होतं. गॅव्हिगनांचं म्हणणं, चर रात्रीतून पुढे सरकला होता. तेव्हापासून देवळात दोन्ही घरं वेगवेगळ्या बाजूंना बसत आणि मयताला गेलीच तर एकमेकांकडे पाठ करून रडत. पण बॉगवर एक रीत होती: भांडण बॉगवर न्यायचं नाही. तिथे माणूस रुतला की हात द्यायला शेजारचाच लागतो, मग तो कुणी का असेना. दोन घरांचे तुकडे नेमके लागून होते.

डीलियाचा भाऊ कामासाठी बर्मिंगहॅमला गेला, तिची आई तर कधीच गेलेली, आणि मग ह्यूबर्टची पाठ धरली. श्लान हातात घेतलं की तो सरळ होईना. कापायचं कुणी? त्या वसंतात टार्पींचा थोरला मुलगा पॅकी आपला तुकडा कापून झाल्यावर न बोलता बाजूच्या तुकड्यात उतरला आणि कापू लागला. डीलिया वर उभी राहून झेलू लागली. ह्यूबर्टनं घराच्या दारातून सगळं पाहिलं आणि काही पाहिलं नाही. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "यंदा टर्फ आपोआप कापला जातोय असं दिसतंय."

"हो बाबा," डीलिया म्हणाली. "वारा चांगला आहे."

झेलणं सोपं नसतं. वीट ओली, जड, आणि जोरात पकडली तर हातातच फुटते. कापणाऱ्यानं नजर वर न करता फेकायची आणि झेलणारीनं जिथे ती पडणार तिथे आधीच असायचं. काही जोड्यांना हे वर्षानुवर्षं जमत नाही. या दोघांना पहिल्या दिवशी जमलं.

"तू फेकतोस का मारतोस?" डीलिया वरून विचारायची.

"तू झेलतेस का मिठी मारतेस? अर्धी वीट तुझ्या झग्यावर आहे."

"तुझ्या आईला सांगेन हां, पॅकी टार्पी, की तू गॅव्हिगनांचा टर्फ कापतोस."

"सांग ना. ती तुझ्याशी बोलत नाही, तू तिच्याशी बोलत नाहीस. कशी सांगशील, शीळ घालून?"

दुपारी केटल उकळायची. काळा चहा, कडक अंडी, घरचा काळसर पाव. बॉगवर चहाला जी चव येते ती घरी येत नाही, धुरामुळे म्हणा, भुकेमुळे म्हणा. पॅकी पाठीवर पडून टोपी तोंडावर घ्यायचा आणि डीलिया ओल्या विटांवरच्या त्याच्या बोटांच्या खुणा बघत बसायची. यापुढचं बीना किल्डफला जास्त माहीत होतं, कारण ती तिथे नव्हती.

मग ती मे महिन्यातली सकाळ आली.

क्लूनाबॅरीत मेच्या पहिल्या दिवशी घरातून काही बाहेर देत नसत. दूध नाही, राख नाही, आणि विस्तव तर मुळीच नाही. त्या दिवशी जो विस्तव देतो तो वर्षाचं घरचं दैव देऊन बसतो. शिवाय त्या सकाळी पहिला धूर आपल्या घरातून निघणंही वाईट, म्हणून सगळा गाव खिडकीशी बसून दुसऱ्यांची धुराडी बघत राही. बीनाचं दुकान चढावर. तिला सगळी धुराडी दिसत. त्या सकाळी सगळ्या घरांतून एकेक करून धूर निघाला, फक्त गॅव्हिगनांच्या घरातून निघाला नाही. दुपार झाली तरी नाही. ह्यूबर्ट गाय घेऊन रॉसकॉमनच्या बाजाराला गेला होता आणि बहिणीकडे मुक्कामाला होता, हे बीनाला ठाऊक होतं, म्हणजे घरी डीलिया एकटी. मग दुपार कलल्यावर त्या धुराड्यातून निळा धूर वर आला, आणि थोड्याच वेळात पॅकी टार्पी बॉगवरून शीळ घालत आपल्या घराकडे जाताना दिसला.

बीनानं दोनात दोन मिळवले आणि उत्तर सात आलं.

त्या वर्षी टार्पींचं काही धड झालं नाही. गाय मेली, मग पॅकीचा बाप गाडीवरून पडून कायमचा अधू झाला, मग हिवाळ्याआधीच वादळात गोठ्याचं छप्पर गेलं. पॅकीची आई, ऑनर टार्पी, जपमाळ आणि अंधश्रद्धा दोन्ही एकाच हातात धरणारी बाई. तिनं ठरवून टाकलं की मेच्या पहिल्या दिवशी कुणीतरी तिच्या चुलीतला विस्तव बाहेर दिला. तिनं घरातल्या सगळ्यांना एकेक करून उभं केलं.

"साबीना," ती नणंदेला म्हणाली, "तूच दिलास. तुला नाही म्हणता येत नाही कुणाला."

"मी कुणाला विस्तव देऊ, वहिनी? आपल्याकडे मागायला येतं कोण?"

"तेच मी विचारतेय."

साबीनानं क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली. ऑनर म्हणाली, खोटं बोलणारी माणसंच इतकी लवकर शपथ घेतात. त्या दिवसापासून दोघी एकाच घरात राहून बोलेनाशा झाल्या. पॅकी शरद ऋतूत इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला गेला. जाताना तो गॅव्हिगनांच्या दाराशी आला नाही, येणारही नव्हता, पण बॉगवर डीलियाचा सगळा टर्फ उडव्यांत रचून गेला, आणि पाऊस लागू नये म्हणून त्यांच्यावर हेदरसकट सोललेली गवताची साल घालून गेला. बीना म्हणाली, पळाला. कुणी म्हणालं, तिनं नकार दिला. कुणी म्हणालं, नकार द्यायला मागणी तर घालायला हवी.

डीलियानं यातलं काहीच खोडून काढलं नाही. दुकानात जायची, चहा-साखर घ्यायची, "थंडी आहे नाही," म्हणायची आणि यायची. ह्यूबर्ट मरताना तिचा हात धरून म्हणाला, "विस्तव सांभाळ, पोरी." ती म्हणाली, "हो बाबा." आणि तिनं सांभाळला. लग्न नाही, मूल नाही, कुठे लांबचा प्रवास नाही, कारण रात्री राख कोण ओढणार? चुलत बहिणीच्या लग्नाला गॉलवेला गेली ती त्याच दिवशी परतली. गावात वीज आली, गॅस आला, तिच्याकडे चूलच राहिली. नंतर नंतर तर बाहेरून माणसं बघायला यायची, शाळेची पोरं यायची, एकदा रेडिओवाला आला आणि त्यानं विस्तवासमोर माईक धरला. विस्तव काही बोलला नाही. डीलियाही फारसं नाही.

दरम्यान मोनामोर खाली बसत चालला होता. श्लान जाऊन यंत्र आलं. फिंटन ब्रेहनी नावाच्या माणसाचं. गावातला पब त्याचा, यंत्र त्याचं आणि बोलणंही त्याचंच. यंत्र टर्फ काढायचं ते सॉसेजसारखा लांबलचक, आणि माणसं नुसती सायकल टेकवून बघत उभी राहायची. यंत्राला जमीन कोरडी लागते, म्हणून चर खोल खणले, चर खोल म्हणून पाणी गेलं, पाणी गेलं म्हणून बॉग बसला. डबकी आटली, पांढऱ्या बोंडांच्या जागी खुरटी झुडपं आली. कर्ल्यूची शीळ कधी बंद झाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आधी एका वर्षी उशिरा ऐकू आली, मग कुणीतरी म्हणालं की पलीकडच्या गावात ऐकली, मग तो विषयच संपला. आणि डीलियाला आपल्या मागच्या दारातून टार्पींचं घर दिसू लागलं. आधी धुराडं, मग छप्पर, मग खिडक्या. शेवटी उंबरठा दिसला, तेव्हा त्या घरात राहणारं कुणी उरलं नव्हतं.

मग डब्लिनहून माणसं आली आणि म्हणाली की मोनामोर वाचवायचा आहे. कापणं बंद, चर बुजवायचे, पाणी परत भरू द्यायचं. गाव खवळला. बापजाद्यांचा हक्क, वगैरे. खरं तर बापजाद्यांसारखं कापणारा एकही उरला नव्हता, सगळं फिंटनच्या यंत्रावर चाललं होतं. पण लढायला काहीतरी देखणं लागतं, आणि गावाकडे देखणं असं एकच होतं.

फिंटन डीलियाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी गुडघ्यावर.

"डीलिया, तुम्ही फक्त बैठकीला हॉलमध्ये येऊन बसायचं. बोलायचं मी बघतो."

"काय बोलणार आहेस?"

"हेच, की दुष्काळाआधीचा विस्तव आहे, तो याच बॉगच्या टर्फवर जगतो, टर्फ बंद म्हणजे विस्तव बंद. डब्लिनचे साहेब म्हणालेत, परंपरा असेल तर सूट देता येईल. आणि सूट दिली की ती सगळ्यांना. तुमच्या एका तुकड्यापर्यंत यंत्र न्यायचं तर मधले चर उघडेच ठेवावे लागतील ना?"

"म्हणजे माझ्या चुलीसाठी सगळा बॉग कोरडा ठेवायचा."

"तुमच्या नव्हे, गावाच्या. आणि नाही म्हणालात तर हा विस्तव जाईल की हो. ह्यूबर्टकाकांनी काय म्हटलं असतं?"

"त्यांनी म्हटलं असतं, फिंटन ब्रेहनीनं माझ्या चुलीवर आपला तवा ठेवलाय." तिनं त्याला आणखी चहा ओतला. "बघते."

तो गेल्यावर ती मागच्या दारात उभी राहिली. हो म्हणावं तर बॉग मरतो आणि नाही म्हणावं तर बापाला दिलेला शब्द. हे सगळ्या गावाला दिसत होतं. तिच्या मनात तिसरंही काहीतरी होतं, ते गावाला दिसत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात पॅकी टार्पी आला. ऑनरच्या कबरीवर दगड बसवायला. साबीनाही ऑनर गेली त्याच वर्षी गेली होती आणि दोघी नणंदा-भावजया आता एकाच कुंपणात, एकमेकींशी न बोलता, पडून होत्या. पॅकी काठी टेकत बॉगवरून आला आणि डीलियाच्या जुन्या तुकड्याशी थांबला. ती आधीच तिथे होती. दुरून बीना दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली, पण वय झालं होतं, तिला दोन ठिपके दिसले फक्त.

"तू अजून ताठ आहेस गं," पॅकी म्हणाला.

"तू वाकलास. इंग्लंडात काय कापत होतास?"

"मोटारींना दरवाजे लावत होतो. सगळं आयुष्य, डाव्या बाजूचे."

"आणि उजव्या बाजूचे?"

"ते एक वेल्सचा माणूस लावायचा. आमचं पटत नसे."

ती हसली. मग दोघं टार्पींच्या पडक्या घराकडे बघत राहिली.

"उंबरठ्यापर्यंत दिसतं," तो म्हणाला. "मी गेलो तेव्हा नुसता धूर दिसायचा."

"तेव्हा धूर होता."

"बॉग परत वाढला, तर दिसेनासं होईल का?"

"होईल. हजारेक वर्षांनी. तू थांबणार असशील तर चहा ठेवते."

पॅकीनं काठीनं जमीन टोचून बघितली. कोरडी, भुसभुशीत. थरथर नाही. "हलतसुद्धा नाही गं," तो म्हणाला, जणू एखाद्याची नाडी बघत होता. मग म्हणाला, "त्या सकाळचं तू कुणाला बोलली नाहीस."

"तू सांगितलं होतंस, बोलू नको म्हणून."

"सांगितलं होतं. आता बोल. आई गेली, साबीनाआत्याही गेली. मला शिव्या द्यायला कुणी उरलं नाही."

"तुला खरंच वाटतं का, पॅकी, त्यामुळे झालं सगळं?"

"कॉव्हेंट्रीत वाटायचं नाही," पॅकी म्हणाला. "इथे आलो की वाटतं."

हॉलमधल्या बैठकीला सगळा गाव आला. डब्लिनचा साहेब समोर बसला, घसा खाकरून फिंटन उभा राहिला आणि त्यानं विस्तवाचं असं वर्णन केलं की दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. खापरपणजोबा, दुष्काळ, ह्यूबर्टचे शेवटचे शब्द, ते त्यानं स्वतः ऐकल्यासारखे सांगितले. मग म्हणाला, "आणि ही बाई इथे बसली आहे. तिला विचारा, हा विस्तव विझू द्यायचा का?"

डीलिया उभी राहिली. पर्स दोन्ही हातांत.

"विस्तव विझला होता," ती म्हणाली.

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली.

"बाबा बाजाराला गेले होते तेव्हा. दुष्काळाआधीचा तो तिथे संपला. आता आहे तो नंतरचा. तेव्हा माझ्या चुलीसाठी कुणी बॉग कोरडा ठेवू नये. माझा तुकडा मी सोडलाय. चर बुजवा."

फिंटन खाली बसला. पण मागच्या रांगेतून बीना किल्डफ उठली. जन्मभर साखरेला सांगितलेली गोष्ट आज भर सभेत खरी ठरली होती, आणि ती अर्ध्यावर सोडणारी बाई नव्हती.

"आणि तेव्हा तू कुठे होतीस गं, डीलिया?"

"घरी."

"मग धूर का नव्हता? आणि परत पेटवला कुणी?"

"ते तू आपल्या दुकानात विचार, बीना," डीलिया म्हणाली. "तिथे सगळं ठाऊक असतं."

हॉल हसला, साहेबही हसला. पण 'घरी' या शब्दावर कुणाचा विश्वास बसला नाही. घरी असलेल्या बाईचा विस्तव कसा विझेल?

सूट मिळाली नाही. फिंटन काही महिने तिच्याशी बोलला नाही, मग यंत्र विकलं आणि पबमध्ये बॉगचे जुने फोटो टांगून प्रवाशांना चहा विकू लागला. चरांत बांध घातले. पहिल्याच हिवाळ्यात पाणी साचलं, पुढे त्या पाण्यावर लालसर-हिरवं शेवाळ धरलं. डीलियानं राहिलेली उडवी जाळून संपवली. शेवटच्या संध्याकाळी निखारे गोल मांडले, देवाचं नाव घेतलं, आणि राख ओढली नाही. नंतर ती विजेच्या शेगडीसमोर बसायची आणि तिला शिव्या द्यायची. शेगडीला वास नाही, असं तिचं म्हणणं. तुकड्याजवळची जमीन पायाखाली जराशी थरथरू लागली, तेव्हा तिनं पॅकीला फोनवर सांगितलं. पॅकी म्हणाला, "फार नाचू नकोस तिच्यावर."

आता दोघंही नाहीत. बीना आहे, आणि अजून म्हणते की ती काही म्हणत नाही.

झालं होतं ते एवढंच. डीलिया घरीच होती, तापानं अंथरुणावर पडलेली. आदल्या रात्री तिला राख ओढायला उठता आलं नाही आणि विस्तव विझला. पॅकी बॉगवर तिची वाट बघून चौकशीला आला. काडीनं पेटवलेला विस्तव ती बापाला दाखवायला तयार होईना, म्हणून त्यानं आईच्या नकळत आपल्या घरच्या चुलीतले निखारे लोखंडी भांड्यातून बॉगवरून आणले, गॅव्हिगनांची चूल पेटवली आणि तो घरी गेला. तो दिवस मेचा पहिला होता. दोघांत याहून जास्त काही घडलं नाही.